जुना संगणक : सुधारणा की नवी खरेदी?

यंत्राचे वय आणि यंत्राची उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील शिवणयंत्र चाळीस वर्षांचे असले तरी पट्टा बदलून व तेल देऊन ते चालविले जाते. विहिरीवरील पंपाची मोटार जळाली तर ती पुन्हा भरून घेतली जाते. संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक अनेकदा सुटतो. आठ-दहा वर्षे वापरलेला मेजावरचा संगणक मंद चालू लागला, की कोणी तो टाकून नवा घ्यावा असे म्हणतो, तर कोणी त्यात एखादा नवा भाग बसवून काम भागवावे असे सुचवितो. दोन्ही सल्ले बहुधा मोजमापावाचून दिलेले असतात. हा प्रश्न मोजमापाच्या आधारे कसा सोडवावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

बंगळूर शहरात हा प्रश्न नित्याचा आहे. तेथील टाउन हॉलच्या परिसरात सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे शहर त्याला एस. पी. रोड या नावाने ओळखते. रॅमच्या पट्ट्या, डिस्क, मदरबोर्ड, पंखे, वीजपुरवठ्याच्या पेट्या असे संगणकाचे नाना सुटे भाग विकणारी दुकाने तेथे ओळीने आहेत. दुकानदार हवा तो भाग देऊ शकतो. परंतु कोणता भाग हवा, हे ग्राहकाच्या संगणकावर होणारे काम पाहिल्याखेरीज त्यालाही सांगता येणार नाही. नेमका भाग ठरवून जाणारा ग्राहक आणि ‘संगणक मंद झाला आहे’ एवढेच सांगणारा ग्राहक, या दोघांच्या खर्चात पुष्कळ अंतर पडते.

एक उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात एका हिशेबनिसाचे लहानसे कार्यालय आहे. तेथे २०१४ साली घेतलेला एकच संगणक आहे. त्यात चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ४ गिगाबाइट रॅम आणि ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क आहे. वीस-पंचवीस छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब त्यावर ठेवलेले आहेत. वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र बहुतेक नियमित करदात्यांना पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. त्या आठवड्यात संगणक अडला, तर विलंबशुल्काचा भुर्दंड व्यापाऱ्यांना बसतो आणि विश्वास हिशेबनिसाचा जातो. संगणक सुरू होण्यास चार मिनिटे लागतात. एका हिशेबातून दुसऱ्यात जाताना पडदा थिजल्यासारखा होतो. नव्या संगणकाचा खर्च कार्यालयास जड आहे. अशा स्थितीत काय करावे?

संगणक कोठे थांबतो?

उत्तर शोधण्यापूर्वी संगणकाच्या तीन प्रमुख अवयवांचा परस्परसंबंध समजून घेतला पाहिजे. प्रोसेसर हा स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसारखा आहे, रॅम ही ओट्यासारखी आणि हार्ड डिस्क ही कोठीघरासारखी. ओट्यावरील जिन्नस हात पुढे करताच मिळतो. कोठीघरातील जिन्नस आणण्यास उठून जावे लागते. ओटा लहान असेल तर एक डबा आणण्यापूर्वी दुसरा परत ठेवून यावा लागतो, आणि स्वयंपाकापेक्षा येरझाऱ्यांतच अधिक वेळ जातो. रॅम अपुरी पडली म्हणजे संगणकात नेमके हेच घडते. तातडीने न लागणारी माहिती रॅममधून डिस्कवर हलविली जाते व गरज पडताच पुन्हा आणली जाते.

या येरझारीस किती वेळ लागतो, हे पाहणे उद्बोधक आहे. सामान्य हार्ड डिस्कची चकती मिनिटास ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली नोंद वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. शीर्षाला योग्य वर्तुळापर्यंत सरकण्यास आणखी सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. असे एकूण १२ मिलिसेकंद झाले. याचा अर्थ विखुरलेल्या नोंदी वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे ८० नोंदीच पुरवू शकते. रॅममधून माहिती मिळण्यास मात्र सुमारे १०० नॅनोसेकंद किंवा त्याहूनही कमी काळ लागतो. हे प्रमाण मानवी मापात मांडले, म्हणजे रॅमच्या १०० नॅनोसेकंदांना एक सेकंद मानले, तर हार्ड डिस्कच्या १२ मिलिसेकंदांचे ३३ तास होतात! ओट्यावरील डबा एका सेकंदात मिळतो आणि कोठीघरातील डब्यासाठी सव्वा दिवसाहून अधिक थांबावे लागते, असा हा प्रकार आहे.

एस.एस.डी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साठवणीत फिरणारी चकती नसते. माहिती अर्धवाहक पेशींत विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेली असते. तेथे एका नोंदीस सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. वरील मापात हे १७ मिनिटे होतात. सव्वा दिवसाची प्रतीक्षा १७ मिनिटांवर आली, तर संगणक नवा झाल्याचा भास व्हावा यात नवल नाही.

अॅम्डाहलचा नियम

यावरून प्रत्येक मंद संगणकास एस.एस.डी. बसवावी, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. कोणत्याही सुधारणेचा लाभ किती होईल, हे सांगणारा एक साधा नियम आहे. अमेरिकन अभियंता जीन अॅम्डाहल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारातून तो आला असून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आय.बी.एम. ३६० या संगणक-मालिकेच्या रचनेचे ते प्रमुख शिल्पकार होते. याच मालिकेतील ३६०/४४ हा संगणक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७० नंतरच्या दशकात वापरात होता. अॅम्डाहल यांच्यापुढे अनेक प्रोसेसर एकत्र जोडल्याने किती लाभ होतो, हा प्रश्न होता. परंतु नियम मेजावरच्या संगणकासही तंतोतंत लागू पडतो. त्याचे सार असे : एखाद्या कामाचा जो हिस्सा जलद केला जातो, तेवढ्याच हिश्श्याचा वेळ वाचतो, उरलेला हिस्सा पूर्वीइतकाच वेळ घेतो व एकूण लाभास मर्यादा घालतो.

वरील कार्यालयाचे उदाहरण घेऊन आकडे मांडता येतील. संगणक सुरू होण्यास २४० सेकंद लागतात. समजा, त्यांपैकी १९२ सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि ४८ सेकंद प्रोसेसरच्या कामात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसविला तर ४८ चे २४ सेकंद होतील आणि एकूण वेळ २१६ सेकंद होईल. वाचले अवघे २४ सेकंद. प्रोसेसर कितीही वेगवान, किंबहुना अनंत वेगाचा असला, तरी १९२ सेकंद राहणारच. याउलट डिस्कचा हिस्सा दहापट जलद झाला, तर १९२ चे १९.२ सेकंद होतील आणि एकूण वेळ सुमारे ६७ सेकंदांवर येईल. म्हणजे संगणक साडेतीनपट जलद सुरू होईल.

आता दुसरे काम पाहावे. तोच संगणक एखाद्या चलच्चित्र-संपादकाकडे आहे आणि एका चित्रफितीचे रूपांतर करण्यास ६०० सेकंद लागतात. त्यांपैकी ५४० सेकंद प्रोसेसरचे व ६० सेकंद डिस्कचे आहेत. येथे दहापट जलद डिस्क बसवूनही वेळ ५४६ सेकंदांपर्यंतच उतरेल. तिप्पट वेगाचा प्रोसेसर मात्र तो २४० सेकंदांवर आणील. यंत्र तेच, पण काम निराळे. म्हणून योग्य सुधारणाही निराळी. ‘या संगणकात काय बदलावे?’ हा प्रश्न ‘या संगणकावर कोणते काम होते?’ हे विचारल्यावाचून अपुरा राहतो, तो यामुळे.

मोजमाप कसे करावे?

यासाठी निराळ्या उपकरणाची आवश्यकता नाही. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचा वापर शेकड्यात दिसतो. लिनक्स प्रणालीतही अशी साधने असतात. निरीक्षण संगणक स्वस्थ असताना करू नये. नेहमीचे काम चालू असून तो अडतो त्याच क्षणी करावे व आकडे कागदावर टिपून ठेवावे. तीन-चार दिवसांच्या नोंदींवरून सामान्यतः पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला : डिस्कचा आकडा शंभराच्या जवळ, प्रोसेसर बराचसा रिकामा आणि मेमरीत जागा शिल्लक, अशी स्थिती असेल तर दोष डिस्कच्या मंदपणात आहे.

दुसरा : मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली असून डिस्कही सतत चालू असेल, तर ओटा लहान पडला आहे. येथे प्रथम रॅम वाढवावी.

तिसरा : प्रोसेसर दीर्घकाळ शंभर टक्क्यांवर असेल, तर त्याचीच शक्ती अपुरी आहे. येथे एक सावधगिरी हवी. चार गाभ्यांच्या प्रोसेसरमधील एकच गाभा वापरणारी आज्ञावली एकूण वापर २५ टक्केच दाखविते. प्रोसेसर रिकामा असल्याचा भ्रम त्यामुळे होतो.

चौथा : तिन्ही आकडे कमी असूनही काम अडत असेल, तर कारण बहुधा इंटरनेटची जोडणी, पलीकडचे संकेतस्थळ किंवा सदोष आज्ञावली यांत असते. करविवरणाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळावरच गर्दी झाली असेल, तर संगणकात कोणताही भाग बसवून उपयोग होत नाही.

मोजमापापूर्वी संगणक उघडून साफ करणेही अगत्याचे आहे. पंख्यावर व उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवर धूळ साचली, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचे रक्षण करण्यासाठी वेग कमी करतो. प्रोसेसर व पात्यांमधील उष्णतावाहक लेपही कालांतराने वाळतो. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी संपली, तर संगणकाचे घड्याळ मागे पडते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे जुळत नाहीत आणि ती उघडेनाशी होतात. असे दोष किरकोळ खर्चात दूर होतात. पुष्कळदा त्यांनाच यंत्राचे वार्धक्य समजले जाते.

जुना प्रोसेसर अजून का चालतो?

दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आज पुरतो, ही गोष्ट पूर्वी संभवनीय नव्हती. १९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम ६० व ६६ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. २००२ च्या अखेरीस पेंटियम-४ ने ३ गिगाहर्ट्झ गाठले. दहा वर्षांत पंचेचाळीसपट वाढ झाली! त्या काळी चार वर्षांचा संगणक खरोखरच कालबाह्य होत असे. पुढे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तरी त्या प्रमाणात त्यांची उष्णता घटेनाशी झाली. वेग वाढविण्यास उष्णतेचाच अडसर आला. त्यानंतरच्या वीस वर्षांत घड्याळी वेग जेमतेम दुप्पट झाला. प्रोसेसरची प्रगती थांबली नाही, पण ती गाभ्यांची संख्या वाढविणे आणि एका ठोक्यात अधिक काम उरकणे या मार्गांनी झाली. पत्रलेखन, हिशेब, वाचन अशा कामांना या प्रगतीचा लाभ मर्यादित मिळतो.

सुधारणेच्या सीमा

एक भाग बदलला की दुसरा मागे येतो, हा सुधारणेतील मुख्य धोका होय. रॅमच्या पिढ्या परस्परांत चालत नाहीत. डी.डी.आर.-३ च्या पट्टीला २४० टोके असून ती १.५ व्होल्टवर चालते, डी.डी.आर.-४ ला २८८ टोके व १.२ व्होल्ट लागतात. दोन्हींच्या खाचा निराळ्या ठिकाणी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. म्हणून खरेदीस निघण्यापूर्वी मदरबोर्डचे नाव, रॅमची पिढी, रिकाम्या खाचा व कमाल मर्यादा लिहून न्यावी. प्रणाली ३२ बिटांची असल्यास तिला सामान्यतः २ चा ३२ वा घात, म्हणजे ४ गिगाबाइट एवढ्याच जागेचे पत्ते ठाऊक असतात. तेथे अधिक रॅम व्यर्थ जाते.

प्रोसेसरची पिढी बदलायची तर बहुधा मदरबोर्ड बदलावा लागतो, मदरबोर्डबरोबर रॅम आणि कधी वीजपुरवठ्याची पेटीही. मग जुन्या संगणकाचे नुसते कपाट उरते. साखळी येथवर लांबली, तर ती नवी खरेदीच आहे असे मानून हिशेब करावा. याउलट एस.एस.डी. किंवा रॅम जुन्या संगणकात सहज बसते. २.५ इंची साटा पद्धतीची एस.एस.डी. हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालते, आणि विखुरलेल्या नोंदींसाठी तेवढा वेग पुरेसा होतो.

दुसरी सीमा सुरक्षिततेची आहे आणि तिकडे दुर्लक्ष करणे अधिक घातक ठरते. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत सामान्यतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. वरील उदाहरणातील संगणक चौथ्या पिढीचा आहे. रॅम व एस.एस.डी. बसवून तो वेगाने धावेल. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेल्या प्रणालीवर व्यापाऱ्यांचे हिशेब व बँकेचे व्यवहार ठेवणे म्हणजे घराला नवा रंग देऊन दाराची कडी मोडकी ठेवण्यासारखे आहे.

यावर लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालीचा उपाय आहे. भारतातही सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही अशी प्रणाली विकसित केली आहे. मात्र हिशेबाची आज्ञावली, छपाईयंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे साधन त्या प्रणालीवर चालते की नाही, हे आधी तपासावे. ते चालत असेल तर जुन्या यंत्रास आणखी काही वर्षांचे आयुष्य लाभते. चालत नसेल, तर संगणक कितीही जलद करता आला तरी त्या कामासाठी नवा संगणक घेणेच इष्ट होय.

खर्चाचा हिशेब

खर्चाची तुलना एकूण रकमेवर न करता प्रतिवर्षी पडणाऱ्या रकमेवर करावी. समजा, सुधारणेस ६,००० रुपये लागतात आणि त्यामुळे संगणक ३ वर्षे चालेल. वर्षाला २,००० रुपये पडले. नवा संगणक ४०,००० रुपयांचा असून ८ वर्षे चालेल. वर्षाला ५,००० रुपये पडले. येथे सुधारणा स्वस्त आहे. पण सुधारलेला संगणक एका वर्षातच टाकावा लागणार असेल, तर वार्षिक खर्च ६,००० रुपये होतो आणि निर्णय उलटतो. म्हणून ‘किती वर्षे?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. किंमत मात्र खरेदीच्या दिवशीची धरावी. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे दर झपाट्याने चढले, तेव्हा जुने अंदाज निरुपयोगी झाले.

नवा संगणक विजेची बचत करतो, हा युक्तिवादही आकड्यांनी तपासावा. जुना संगणक ६० वॅट व नवा २५ वॅट वीज घेतो असे मानले, तर दिवसाला ८ तास व वर्षाला ३०० दिवस वापरल्यास ८४ युनिटे वाचतात. युनिटास ८ रुपये धरल्यास ही बचत वर्षाला ६७२ रुपये होते. एवढ्यासाठी ४०,००० रुपये खर्च करणे युक्त नाही.

शिवाय एक खर्च असा आहे, की जो पावतीवर दिसत नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या शतकाच्या आरंभी हिशेब केला. जुन्या पद्धतीच्या १७ इंची पडद्यासह एक संगणक तयार होताना किमान २४० किलोग्रॅम जीवाश्म इंधन, २२ किलोग्रॅम रसायने आणि दीड टन पाणी खर्च होते, असे त्यांना आढळले. आजची यंत्रे निराळी असली तरी अर्धवाहकांची निर्मिती हे मोठ्या खर्चाचेच काम आहे. एक संगणक आणखी तीन वर्षे चालला, तर तेवढा काळ हा खर्च पुढे ढकलला जातो.

टाकण्यापूर्वी

सुधारणा करावयाची असो वा नवी खरेदी, पहिले कर्तव्य माहितीची प्रत काढणे हे आहे. हार्ड डिस्क टकटक असा आवाज करू लागली किंवा सदोष कप्प्यांची संख्या वाढू लागली, तर वेगाचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशी प्रत काढावी. दोन प्रती दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर ठेवावी.

टाकून द्यावयाच्या संगणकातील डिस्कवरची माहिती नुसती पुसल्याने नाहीशी होत नाही. तिच्यावर नवे लेखन करून किंवा उत्पादकाने दिलेल्या साधनाने ती नष्ट करावी लागते. यंत्राच्या भागांत शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू असू शकतात. भंगारात गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, तेव्हा तो विषारी धूर वस्तीतच राहतो. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला; त्यातील २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट नोंदली गेली. बंगळूरजवळ दोबसपेट येथे ‘ई-परिसरा’ हा सरकारमान्य प्रकल्प २००५ पासून या क्षेत्रात आहे. देशातील अशा अगदी आरंभीच्या प्रकल्पांत त्याची गणना होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ई-कचरा नोंदणीकृत पुनश्चक्रण केंद्राकडे पोहोचणे आवश्यक आहे.

निर्णय

आता मल्लेश्वरमच्या कार्यालयाकडे वळता येईल. नोंदींत मेमरी भरलेली व डिस्क सतत व्यग्र आढळली, प्रोसेसर मात्र बराचसा मोकळा होता, असे समजू. यावरून रॅम ८ गिगाबाइट करावी व एस.एस.डी. बसवावी, हे सिद्ध होते. परंतु डिजिटल स्वाक्षरीचे साधन मुक्त प्रणालीवर चालत नाही असे आढळले, तर विवरणपत्रांच्या कामासाठी नवा, साधा संगणक घ्यावा. जुना संगणक स्वस्त एस.एस.डी. व मुक्त प्रणाली बसवून वाचन-लेखनासाठी किंवा मुलांच्या अभ्यासासाठी ठेवावा. ते साधन चालत असेल, तर नव्या खरेदीचे कारणच उरत नाही. दोन्ही निर्णय योग्य आहेत. त्यांना वेगळे करणारी गोष्ट संगणकाचे वय नसून तपासलेली वस्तुस्थिती आहे.

स्वाध्याय

१. एका कामास ३०० सेकंद लागतात. त्यांपैकी १०० डिस्कचे व २०० प्रोसेसरचे आहेत. डिस्क दहापट जलद केल्यास एकूण वेळ किती होईल? डिस्क कितीही जलद केली तरी काम दीडपटीहून अधिक जलद का होणार नाही?

२. घरातील किंवा शाळेतील संगणक अडतो त्या वेळचे प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आकडे तीन दिवस नोंदवावे आणि वर दिलेल्या चार निष्कर्षांपैकी कोणता लागू पडतो ते सांगावे.

३. सुधारणेस ९,००० रुपये व नव्या संगणकास ३६,००० रुपये लागतात. नवा संगणक ८ वर्षे चालेल. सुधारलेला संगणक किमान किती वर्षे चालला तर सुधारणा तोट्याची ठरणार नाही?